मीच भरलेलं सिमेंट मीच काढलं

1985 च्या मे महिन्यात वाईजवळच्या एका गावात कृष्णेच्या काठावरच्या शंकराच्या देवळाला मी सिमेंट भरलं. माझ्या हाताने नाही अर्थात, मी छत्री धरून उभी होते आणि वहीत पोती मोजत होते, पण कागदावर सही माझी होती. वय 25, आर्किटेक्चर कॉलेजात लेक्चरर म्हणून लागून जेमतेम वर्ष झालेलं. ट्रस्टची मंडळी कॉलेजात आली, देऊळ गळतंय कुणीतरी इंजिनिअर द्या म्हणाली, बाकीचे सर लोक सुट्टीत आपापल्या प्रॅक्टिसमध्ये बिझी, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी इंजिनिअर नाही आर्किटेक्ट आहे हे मी त्यांना सांगितलं होतं, ते म्हणाले चालेल.

देऊळ मराठेशाहीतलं, वाई पट्ट्यात असतात तसंच, खाली काळ्या दगडाच्या भिंती, वर विटांचं शिखर आणि शिखरावर चुन्यात घडवलेले कोनाडे, कोनाड्यात साधूबैरागी, हत्ती, पोपट. दगडांच्या सांध्यांतला चुना उंदराने कुरतडल्यासारखा झाला होता. मी सांगितलं, सांधे खरवडा आणि एकास तीन सिमेंट भरा, गाभाऱ्याला आतून सिमेंट प्लॅस्टर, शिखरावर जिथे जिथे चुना सुटलाय तिथे पण सिमेंट. बारा दिवसांत काम फत्ते. त्या पावसाळ्यात थेंब गळला नाही आणि श्रावणात मला बोलावून शाल, नारळ आणि गणपतीचा फोटो दिला. शाल अजून आहे.

आता कुणी म्हणेल आर्किटेक्चर शिकलेल्या बाईला एवढं कसं कळलं नाही. नाहीच कळलं. पाच वर्षांत चुना हा विषय बिल्डिंग मटेरियल्सच्या पुस्तकात दीड पान होता आणि परीक्षेत ऑप्शनला टाकायचा होता. आम्ही आरसीसीची पोरं. त्यात मी स्वतः पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेली, त्यामुळे जुन्या घराबद्दल प्रेम वगैरे काही नव्हतं, संडास खाली चौकापलीकडे, नळाला पाणी सकाळी दीड तास, आणि माडीवर कुणी चाललं की खालच्या मजल्यावर डोक्यात माती. माझं स्वप्न कोथरूडला फ्लॅट.

वाड्याची एक गोष्ट मात्र आजीकडून शंभरदा ऐकलेली. 12 जुलै 1961, पानशेत फुटलं तेव्हा मी वर्षाची होते, मला पाटीत घालून माडीवर नेलं होतं म्हणे. पाणी माडीच्या जिन्यात अर्ध्यापर्यंत आलं आणि उतरल्यावर खालच्या सगळ्या भिंती, त्या कच्च्या विटा आणि मातीच्या, ओल्या बिस्किटासारख्या बसल्या. पण माडी पडली नाही. आजी म्हणायची, "भिंती गेल्या गं, पण घर उभंच होतं." ते मी कौतुकाची गोष्ट म्हणून ऐकायचे. सागवानी खांब दगडी तळखड्यावर, खांबावर तुळया, तुळयांवर कड्या, हा सगळा सांगाडा वजन पेलतो आणि भिंत मधे नुसती भरलेली असते, हे वाक्य मी नंतर तीस वर्षं वर्गात शिकवलं, पण आजीच्या तोंडून ऐकलेलं तेच होतं हे डोक्यात यायला फार उशीर झाला.

1986 ला मला इंग्लंडमधल्या यॉर्कला जायची स्कॉलरशिप मिळाली. खरं सांगायचं तर कॉन्झर्व्हेशनसाठी मी गेले नाही, इंग्लंडला जायला मिळतंय म्हणून गेले, आणि जो कोर्स मिळत होता तो जुन्या इमारतींचा होता. किंग्ज मॅनर नावाच्या जुन्या इमारतीत वर्ग भरायचे, थंडी अशी की बोटं पेन्सिल धरेनात. चार पावलांवर यॉर्क मिन्स्टर, ते प्रचंड कॅथीड्रल. 9 जुलै 1984 च्या पहाटे त्याच्या दक्षिण बाजूच्या छताला आग लागली होती, बहुधा वीज पडून, आणि आम्ही तिथे होतो तेव्हा दुरुस्ती जोरात चालू होती. छत परत ओक लाकडाचंच केलं. आमच्यातल्या काहींना वाटत होतं की स्टील टाकून मोकळे का होत नाहीत. छताच्या आतून लाकडी कोरीव फुलं असतात ना, त्यातल्या सहा फुलांची डिझाईन्स टीव्हीवर लहान मुलांची स्पर्धा लावून घेतली होती, एका फुलात तर चंद्रावरचा माणूस आहे. मला ते फार आवडलं होतं. जुनं ते जुनंच दिसलं पाहिजे असा हट्ट नाही, पण लाकडाच्या जागी लाकूड आणि चुन्याच्या जागी चुना याबाबत मात्र कडक.

तिथल्या दगडकामाच्या आवारात एक म्हातारे मिस्त्री होते. मला चुना कालवताना बघून (माझ्या अंगावर चुना जास्त आणि पाटीवर कमी) त्यांनी विचारलं, तुमच्या देशात तर अजून चुन्याचंच काम चालत असेल ना, तुला हे सगळं माहीत असेल. आणि मी म्हटलं, हो, अर्थात. धडधडीत थाप. वर हेही सांगितलं की आमच्याकडे गूळ घालतात. ते आजोबांनी कधीतरी म्हटलेलं कानावर होतं, गूळ का घालतात, किती घालतात, कधी घालतात, शून्य माहिती. त्यांनी लगेच वही काढली आणि म्हणाले सांग. मी काहीतरी प्रमाण ठोकून दिलं. यॉर्कमध्ये कुणीतरी माझ्या रेसिपीने चुना केला असेल तर त्यांची मी इथे जाहीर माफी मागते.

त्याच वर्षी एका लेक्चरमध्ये सिमेंट भरलेल्या जुन्या भिंतींच्या स्लाइड्स दाखवल्या. दगडी भिंतीत पाणी जातंच, वरून, खालून, कुठून तरी, आणि ते बाहेर पडतं सांध्यातल्या चुन्यातून वाफ होऊन. सांधा सिमेंटने बंद केला की पाणी आत अडकतं, क्षार घेऊन फिरत बसतं आणि जिथे मऊ जागा सापडेल तिथे फुटतं. पुढच्या स्लाइडला दिवा लागला तेव्हा मी वहीत काहीच लिहिलं नव्हतं, नुसतं गावाचं नाव लिहिलं होतं.

परत आल्यावर लगेच गावाला गेले असते तर गोष्ट छान झाली असती. नाही गेले. लाज वाटत होती आणि थोडी आशा होती की तिकडे सगळं ठीक असेल. कॉलेजात जुन्या इमारतींचं नवीन इलेक्टिव्ह सुरू केलं, पहिल्या वर्षी चार मुलं, त्यातली दोन टाइमटेबल जुळतं म्हणून आलेली. आमचे एक सीनिअर सर याला शेवाळं खरवडायचा विषय म्हणायचे. मी मुलांना घेऊन वाड्यांचे मेजर्ड ड्रॉइंग करायचे, टेप, ओळंबा आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी एवढ्यावर. चौक चौकोनी आहे असं समजून मोजलेल्या मुलाचं ड्रॉइंग कधीच बंद व्हायचं नाही, शेवटच्या कोपऱ्यात सहा इंच कमी पडायचे, मग तो बिचारा गुपचूप प्रत्येक भिंतीत एकेक इंच वाटून टाकायचा. मी लगेच ओळखायचे कारण मीही तेच केलेलं. कर्ण मोजा, कर्ण, म्हणून घसा बसायचा.

मग 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून झोपलेले, पहाटे चारच्या आधी किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या महिन्यात आम्ही मुलांना घेऊन पाहणीला गेलो. तिथलं सगळं मी लिहिणार नाही, लिहिता येत नाही. पण कामापुरतं सांगते. भिंती दोन-अडीच फूट जाड, गोल, अनघड दगड मातीत रचलेले, बाहेरचा एक थर आणि आतला एक थर आणि मधे भुगा, दोन थरांना बांधणारा जोडदगड जवळजवळ कुठेच नाही. वर माळवद, म्हणजे दीड-दोन फूट मातीचं छप्पर, दरवर्षी गळतं म्हणून पिढ्यानपिढ्या वर माती टाकत गेलेले. हललं तशी भिंतीची दोन्ही पाळी सुटी होऊन दोन बाजूंना गेली आणि जिथे छप्पर भिंतीवर होतं तिथे ते खाली आलं. पण काही घरांत लाकडाचे खण होते, खांब-तुळयांचे, आणि तिथे भिंती सगळ्या ढासळलेल्या पण माळवद खांबांवर तसंच टांगलेलं. सगळीकडे नाही, खांब किडलेले असतील तर नाही. पण जिथे होतं तिथे आतली माणसं बाहेर आली होती. मी एका अशा घरासमोर उभी राहिले आणि मला आजीचं वाक्य आठवलं.

बाहेर मात्र निकाल लागून गेला होता, दगड-माती म्हणजे मरण. लोकांचा काय दोष, ज्यांनी रात्री ते पाहिलं त्यांना मी कोण शिकवणार. पन्नासेक गावं पुरती हलवून नवी वसवली. बाकी ठिकाणी जुन्या घरांना बळकटी द्यायची पद्धतही होती, भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळईचा आकडा आणि काँक्रीट भरायचं म्हणजे नवा जोडदगड तयार होतो, साधी आणि हुशार गोष्ट आहे. पण लोकांना ती नको होती, त्यांना स्लॅब हवा होता. ती जोडदगडाची युक्ती मी पुढे देवळात वापरली, थोड्या वेगळ्या रीतीने.

मधल्या काळात आमचा स्वतःचा वाडा गेला. 1996. सात भाडेकरू, कुणाचं भाडं अकरा रुपये, कुणाचं चौदा, दुरुस्तीला पैसे नाहीत, चुलत्यांची चार बिऱ्हाडं आणि प्रत्येकाला मुलाच्या लग्नासाठी खोली हवी. मुंबईत 1995 ला हेरिटेजचे नियम आले होते, देशातले पहिले, इमारतींना ग्रेड वगैरे, मी त्यावर वर्गात दोन लेक्चर्स देत होते आणि इकडे संध्याकाळी बिल्डरच्या ऑफिसात चहा पीत होते. काका म्हणाले, "तू त्यातली एक्स्पर्ट ना, सांग मग, काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे तांत्रिक होतं, खांबांचे बूड बदलायचे, छपराची कौलं उतरवून लावायची, एवढ्या भिंती परत, पण पैसे कोण देणार याचं नव्हतं. मी सही केली. पाडायच्या आधी महिनाभर मुलांना घेऊन सगळा वाडा मोजला, माझं आजवरचं सगळ्यात चांगलं ड्रॉइंग तेच आहे, कर्णांसकट. लोकांना वाटतं या क्षेत्रातल्या माणसांचं घर तरी वाचलेलं असेल. मी ओळखते त्यातल्या निम्म्यांचं नाही वाचलं.

त्यानंतर मला वाटतं गावाला न जायचं काही कारणच उरलं नाही. 1998 च्या डिसेंबरात एसटीने गेले. सांगून नाही गेले. वाईला उतरून आधी ढोल्या गणपतीला गेले, त्या देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे, नदीचा पूर आला की पाणी दुभागून जावं म्हणून, 1762 चं बांधकाम. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट काढून द्यायची हे ज्यांना कळत होतं त्यांच्या शेजारच्या गावात मी सगळ्या वाटा बुजवल्या होत्या.

बाहेरून देऊळ बरं दिसत होतं. सिमेंटच्या करड्या रेघा दगडांवर माकडाने ओढल्यासारख्या. मग बघितलं तर नदीच्या बाजूची भिंत मधे फुगलेली, ओळंबा सोडला तर पोटाशी तीन इंच. गाभाऱ्यात प्लॅस्टरवर छातीएवढ्या उंचीपर्यंत खार फुटलेली, पांढरी रवाळ, हात लावला की पीठ. शिखरावर सिमेंटच्या ठिगळांना कडेने भेगा आणि भेगांतून पिंपळ, मनगटाएवढा. शिवाय मधल्या काळात उत्साहात कुणीतरी शिखराला ऑइलपेंट दिलेला, निळा आणि गुलाबी. गुरवांनी मला ओळखलं. म्हणाले, "बाई तुम्ही केलेलं लय टिकलं, अजून हलंना." खरंच हलत नव्हतं, तोच तर प्रॉब्लेम होता.

एका सांध्यातलं सिमेंट छिन्नीने काढून बघितलं. पाऊस जाऊन दोन महिने झालेले, हवा कोरडी, ओठ फुटत होते, आणि सिमेंटचा तुकडा निघाल्याबरोबर आतून पाणी ओघळलं. धार नाही, पण दगडावरून काळी रेघ खाली येत गेली आणि बराच वेळ येत राहिली. आतला मातीचुन्याचा गाभा धुवून जाऊन पोकळी झाली होती, हात कोपरापर्यंत गेला.

ट्रस्टला मी सांगितलं की हे मी केलंय आणि मी विनामूल्य करून देते. यावर अध्यक्षांची पहिली प्रतिक्रिया म्हणजे मग शाल परत द्या, ते गंमतीत म्हणाले असावेत. पैसे थोडे गावाचे, थोडे सरकारी योजनेतून, आणि तिथे चौदा महिने गेले. ज्या ऑफिसातून फाइल जायची तिथल्या साहेबांचं म्हणणं की चुन्याच्या कामाचा रेट डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, दाखवा. मला हवी ती आयटम त्यात नव्हती. तर मग रेट अ‍ॅनालिसिस द्या. दिलं. त्यात गूळ आणि हिरडा लिहिलेला बघून फाइल शेरा मारून परत आली, बांधकामात किराणा मालाचे प्रयोजन स्पष्ट करावे. मी तो कागद झेरॉक्स करून ठेवलाय, दर वर्षी पहिल्या लेक्चरला दाखवायचे. स्पष्टीकरण चार पानी दिलं, गुळाने चुना हाताला मऊ येतो आणि हळू सुकतो, हिरड्याचं पाणी धरायला मदत करतं, वगैरे. शेवटी त्या दोन आयटम काढून टाकल्या आणि गूळ मी पदरचा आणला, साहेबांना सही करणं सोपं गेलं.

दरम्यान जुना चुना तपासला. भिंतीच्या आतून, जिथे सिमेंट पोचलं नव्हतं तिथून, खडे काढले, वजन केलं, पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकलं, चुना फसफसून गेला आणि वाळू खाली राहिली. कोकणातल्या किनाऱ्यावर हे फसवं असतं कारण वाळूत शिंपले असतात आणि तेही विरघळतात, पण कृष्णेची वाळू काळी, दगडाचीच, त्यामुळे हिशोब लागला. वाळूबरोबर विटांची भुकटी निघाली म्हणजे सुर्खी, आणि कोळशाचे बारीक कण, भट्टीतले. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत चाळला होता तो चुना.

आणि मग तात्या. सत्तरी पार केलेले गवंडी, शेजारच्या गावचे, पंचवीस वर्षं चुन्याला हात न लावलेले कारण कुणी सांगितलंच नाही. मी यॉर्कहून शिकून आलेय हे ट्रस्टवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, त्यावर त्यांनी फक्त विचारलं की तिकडं पाऊस किती पडतो. पहिल्या दिवशी मी माझ्या पद्धतीने नमुना करून दाखवला. त्यांनी थापीवर घेतला, थापी उलटी केली, सगळं खाली. "म्याडम, ह्यो चुना न्हवं, ह्ये ताक हाय."

मग त्यांच्या पद्धतीने. राजस्थानातून येणारी कळी, म्हणजे न विरवलेला चुना, पुण्याच्या व्यापाऱ्याकडून आणली, देवळामागे हौद बांधून त्यात विरवली. कळीवर पाणी पडलं की काय होतं हे मी वर्गात फळ्यावर समीकरणाने शिकवलेलं, प्रत्यक्षात हौद उकळतो, खदखदतो, वाफ तोंडावर येते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आमच्या एका मुलाच्या गेला. तात्यांनी त्याचं मुंडकं धरून नदीच्या पाण्याच्या बादलीत पुन्हा पुन्हा घातलं आणि दहा मिनिटं सोडलं नाही, तो ओरडत होता, मी रडत होते, डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गॉगल, तात्या सोडून.

चुना पाण्याखाली दीड महिना मुरवला. चुना दळायच्या घाणीचं जुनं दगडी चाक देवळामागेच पडलेलं निघालं, पोरं त्यावर बसून पत्ते खेळायची, ते उभं करून गोल चर खणला, दगडाने बांधला, एक बैलजोडी भाड्याने. चुना, वाळू आणि सुर्खी, सुर्खी कमी भाजलेल्या विटांची, हे महत्त्वाचं, जास्त भाजलेल्या विटेची भुकटी नुसता भराव होते. घाणी फिरताना तात्या गुळाचं पाणी शिंपडायचे. मी वही काढून प्रमाण विचारलं तर म्हणाले, बैल चाटंल एवढं नगं. हे मी अजूनही किलोत बदलू शकलेले नाही.

सिमेंट काढायचं काम सगळ्यात वाईट. ग्राइंडर लावला तर दगडाची कड कापली जाते म्हणून छिन्नी-हातोडीच, तिरकी धरून, एक माणूस दिवसाला दीड-दोन मीटर सांधा, संपूर्ण देवळाला पहिला सीझन पूर्ण गेला. मी दर शनिवार-रविवार पुण्याहून जायचे आणि एक तास स्वतः छिन्नी चालवायचे. प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका, मला फक्त बघायचं होतं की किती घट्ट बसलंय. फार घट्ट बसलं होतं, 1985 च्या कंत्राटदाराने सिमेंटमध्ये अजिबात चोरी केली नव्हती. आयुष्यात एकदाच प्रामाणिक कंत्राटदार भेटला तोही चुकीच्या कामाला.

फुगलेल्या भिंतीला टेकू देऊन नरसाळ्याने पातळ चुना पाजला, खालून वर, एका दिवसात हातभरच, नाहीतर ओल्या चुन्याचं वजन भिंतच ढकलतं. मग किल्लारीत पाहिलेली युक्ती, काँक्रीटऐवजी जुन्याच दगडातले लांब दगड निवडून आरपार जोडदगड बसवले, मीटर-मीटरवर. तीन इंचाचं पोट तसंच ठेवलं. ट्रस्टला सरळ भिंत हवी होती, मी म्हटलं पोट आता वाढत नाही ना, बस झालं, या वयात एवढं असतंच.

पिंपळाचा वेगळाच तमाशा. मुळं विटांत सहा फूट शिरलेली, वरून तोडलं तर दोन महिन्यांत परत, म्हणजे विटा उतरवूनच काढायला हवा. पण पिंपळाला कोयता लावायला एकही माणूस तयार नाही, सुतार नाही, गवंडी नाही, मी नास्तिक म्हणून मी लावते म्हटलं तर मलाही लावू देईनात. शेवटी गुरवांनी तोडगा काढला, झाड तोडायचं नाही, हलवायचं. मुळांसकट जितका निघाला तितका काढून घाटाच्या वर लावला आणि रीतसर त्याची मुंज केली, जेवणावळ झाली, बिल योजनेत कुठे दाखवायचं यावर मी आठवडाभर विचार केला. झाड आता चांगलं मोठं झालंय.

शिखरावरच्या चुन्याच्या मूर्तींवरून खरं भांडण झालं. ऑइलपेंट आठ महिने खरवडला, खाली जुन्या रंगाचे पुसट थर सापडले तर ट्रस्टला वाटलं आता परत रंगवायचं, गेलेली नाकं-तोंडं नवी करायची. मी नाही म्हटलं. जे नाक आपण पाहिलेलंच नाही ते आपण कसं करणार. चार मीटिंगा झाल्या. एका हत्तीची सोंड मात्र मी बसवू दिली, कारण तुटलेल्या सोंडेच्या खोबणीत पावसाचं पाणी साचून आत मुरत होतं, म्हणजे ती सोंड पाण्याची पन्हाळ म्हणून हवी होती, देखणेपणासाठी नाही. गावाला वाटतं त्यांनी मला एका हत्तीपुरतं तरी हरवलं. वाटू दे.

आणि एवढं सगळं कळूनही शेवटच्या सीझनला मी घाई केली. मार्च 2001 चं बिल काढायचं म्हणून पुढची कामं रखडली आणि शिखराचा शेवटचा पट्टा मे अखेरीला लावला. तात्या म्हणाले होते दसऱ्यानंतर करू. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत आतपर्यंत दगड होतो, महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर, आणि उन्हात तर ओलं गोणपाट झाकून त्याला रोज पाणी दाखवावं लागतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळीव आला आणि पट्टाच्या पट्टा दुधासारखा शिखरावरून खाली वाहिला. तात्या काही बोलले नाहीत. दसऱ्यानंतर परत केला, पैसे माझ्या खिशातून.

बाकी करिअरचं काय सांगू. रीडर झाले, प्रोफेसर झाले, एचओडी झाल्यावर जुन्या इमारतींपेक्षा कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकचे फॉर्म जास्त भरले. कमिट्यांवर बसले. 2010 च्या कायदादुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामावरची बंदी कडक झाली, तेव्हा शनिवारवाड्याभोवती राहणारी माणसं मीटिंगमध्ये आमच्यावर चिडून ओरडायची आणि मला त्यांच्यात काकांचा चेहरा दिसायचा. मी कधी नीट उत्तर देऊ शकले नाही. मुलं हुशार आली पुढे पुढे. आता ड्रोन उडवून दुपारपर्यंत सगळं देऊळ कॉम्प्युटरवर, कर्णाची भानगडच नाही. माझे काही विद्यार्थी किल्ल्यांवर काम करतात, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा मराठा किल्ले गेले तेव्हा त्यांचे पहाटेपर्यंत मेसेज चालू होते. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग सगळ्यांना माहीत, मला मात्र आनंद झाला तो खांदेरीसाठी, समुद्रातल्या त्या किल्ल्याकडे कोण बघतं एरवी.

2020 ला रिटायर झाले, निरोप समारंभ मोबाइलवर झाला, शाल कुरिअरने आली. देवळाला मात्र दर वर्षी मेमध्ये जाते. कोवळे पिंपळ उपटायचे (पेराएवढे असतात तोवर पाप लागत नाही असं गुरवांचं मत), पन्हाळी मोकळ्या करायच्या, सांधे बघायचे. तात्या 2009 ला गेले. नदीच्या भिंतीचे सांधे मधे एकदा भरावे लागले, वीस वर्षांत तेवढं होणारच, चुना झिजावा म्हणूनच असतो, दगड झिजण्यापेक्षा बरं.

मागच्या आठवड्यात ट्रस्टच्या नव्या अध्यक्षांचा फोन. जुन्या अध्यक्षांचा मुलगा, मला काकू म्हणतो. "काकू, एक गुड न्यूज आहे, सभामंडपाला ग्रॅनाइट बसवतोय, एका दात्याने दिलंय." मी विचारलं बसवतोय म्हणजे कधी. म्हणाला माल येऊन पडलाय. म्हणजे खाली सिमेंटचा थर, फरशीच्या सांध्यातून वर येणारी ओल सगळी भिंतींकडे वळणार, आणि पुढच्या पावसाळ्यात गाभाऱ्यात परत खार. मी त्याला म्हटलं की चार दिवस थांब, मी येते. तो म्हणाला गवंडी लावलेत काकू, त्यांचा खाडा होईल. मी म्हटलं खाड्याचे मी देते.

मग तात्यांच्या नातवाला फोन लावला. तो स्लॅबची कामं घेतो, चुन्याचं त्याने फक्त लहानपणी घाणीवर बसून बघितलंय, पण गावात त्याच्या शब्दाला माझ्यापेक्षा वजन आहे. ग्रॅनाइटची फरशी वाळूवर सुटी मांडायची आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडायची, एवढं जरी कबूल करून घेतलं तरी निभावेल असं माझं गणित आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "म्याडम, थापी आणू का आज्याची? आणि गुरुवारची हजेरी कोण देणार?"